उजव्या टाचेचा डाग

गरम सायलेन्सरला बुटाचे रबर चिकटले की माणसाचा हात आधी फडक्याकडे जातो, आणि तिथेच तो चुकतो. वितळलेले रबर पुसायला गेले की पसरते. बोटभर डाग वीतभर होतो. त्यापेक्षा इंजिन निवू द्यावे, पण पुरते गार होऊ देऊ नये. नळी हाताला सोसेल इतकी कोमट असताना लाकडी पट्टीने रबराची साय हलकेच उचलावी, उरलेले चंदेरी कागदाचा ओला बोळा करून नळीच्या लांबीने घासावे आणि मग पॉलिशचा हात फिरवावा. मौनीला हे झोपेतही करता आले असते. मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये क्रोम उजळण्याचे काम त्याचेच होते. त्याचे खरे नाव तिथे कुणी घेत नसे. हा पोरगा दिवसभरात बोलतो ते सगळे शब्द एका नटावर कोरता येतील, असे मिस्त्री म्हणायचे. मौनी हे नावही त्यांनीच पाडले होते.

एकच डाग मात्र त्याला पुरून उरला होता, आणि तो घरचाच होता.

मौनीचे वडील, अप्पा, लोकांना मोटरसायकल शिकवत. बंद पडलेल्या कारखान्यामागच्या मैदानावर त्यांची शाळा भरे, आणि तिथे सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांची शिकवायची रीत न्यारी होती. पहिल्या दिवशी शिकणाऱ्याच्या हाती हँडल देत नसत. त्याला मागे बसवत आणि गाडी सुरू करण्याआधी विचारत, "पाय कुठे आहेत?" त्याने खाली न बघता सांगायचे, "फुटरेस्टवर." नजर जरा खाली गेली की अप्पा इंजिन बंद करत. रस्ता डोळ्यांना कळतो, पण गाडी पायांना कळते, असे त्यांचे म्हणणे होते. स्वतःच्या पायांची खबर ज्याला बघून घ्यावी लागते, त्याने खुशाल पायीच जावे. लोक हसत, पण गावातली अर्धी माणसे या एका प्रश्नावर गाडी शिकली होती. मौनीही लहानपणी त्या मागच्या सीटवर बसला होता. अप्पांच्या रुंद पाठीआड वारा लागत नसे, आणि "फुटरेस्टवर" म्हणताना आपला आवाज त्या पाठीतून परत येतो असे त्याला वाटायचे.

अशा मास्तरांच्याच गाडीच्या सायलेन्सरवर बुटाचा काळा डाग पहिल्यांदा दिसला, तेव्हा मौनीला गंमत वाटली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. सुट्टीच्या सकाळी त्याने तो अंगणात बसून काढला. पुढच्या सुट्टीला डाग पुन्हा हजर. अप्पांनी खापर शिकाऊ पोरांवर फोडले. कितीही सांगितले तरी पाय नळीवर टेकवतात, म्हणाले. मौनीने मान हलवली आणि गॅरेजमधून एक जाळी आणून नळीवर बसवली. मग डाग जाळीच्या अलीकडे, उघड्या नळीवर पडू लागला. त्याने पुढचे फुटरेस्ट थोडे बाहेर वळवले. अप्पांना चामडी तळव्याचे बूट आणून दिले. अप्पांनी कौतुकाने ते घातले, पण टाचेला रबर होतेच. डाग बारीक झाला, गेला मात्र नाही.

खरे तर डाग पडत होता तिथे मागे बसणाऱ्याचा पाय पोचतच नव्हता. ती जागा चालवणाऱ्याच्या उजव्या टाचेची होती. मौनीने हे पाहिले होते. पाहून त्याने पॉलिश थोडे जास्त घेतले आणि नळीत स्वतःचा चेहरा दिसेपर्यंत घासत राहिला. कळत होते, वळत नव्हते. बापाला विचारायचे म्हणजे आधी जिभेवर शब्द जुळवायचे, मग ते बापाच्या डोळ्यांत बघून म्हणायचे. त्यापेक्षा नळी घासणे सोपे होते.

घरात आईने वेगळीच थट्टा चालवली होती. अप्पा हल्ली स्वतःचे मोजे स्वतः धुतात, तेही न्हाणीघराचे दार लावून, म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवायचा बाकी राहिला, असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. लग्न झाल्यापासून ज्याने रुमाल पिळला नाही, त्याला म्हातारपणी अक्कल आली म्हणे. अप्पाही हसत. डॉक्टरांनी रक्तात साखर सांगितल्याला बरीच वर्षे झाली होती; गोळ्यांचे पाकीट कपाटावर असे आणि अप्पांना आठवण झाली तर पोटात जाई. दुखत काहीच नाही मग औषध कशाला, हा त्यांचा बिनतोड सवाल होता.

मग एके दुपारी मिस्त्रींनी क्लचची तार देऊन मौनीला मैदानावर पाठवले. अप्पा गाडीवर होते आणि मागे कपडे शिवणारी एक बाई बसली होती. तिचा पहिलाच दिवस होता. गाडी सावकाश मोठ्या वर्तुळात फिरत होती. मौनी भिंतीपाशी उभा राहिला. गाडी जवळून जाताना त्याला त्यांचे बोलणे ऐकू आले.

"मास्तर, काहीतरी जळतंय."

"कारखान्याचं धुराडं असेल."

"ते बंद होऊन माझी मुलं मोठी झाली, मास्तर."

तेवढ्यात तिने खाली बघितले. शिकणाऱ्याने बघू नये, पण तिने बघितले म्हणूनच कळले. अप्पांच्या उजव्या टाचेखालून धुराची बारीक रेघ निघत होती. ती ओरडली, तेव्हा अप्पांनीही मान खाली घातली. आपल्या बुटाकडे ते असे बघत होते, जसे गाडीत कुणाचे तरी विसरलेले सामान बघावे. त्यांनी पाय उचलला. टाचेपासून नळीपर्यंत काळ्या रबराचा धागा ताणला गेला आणि तुटला. मग त्यांनी ब्रेक दाबला. म्हणजे दाबला असे त्यांना वाटले. मौनीला भिंतीजवळून लख्ख दिसले: बूट ब्रेकच्या शेजारी, हवेत दाबला जात होता. गाडी तशीच पुढे चालली. भिंत समोर आली. शेवटच्या क्षणी अप्पांनी हाताचा ब्रेक आवळला, गाडी तिरकी झाली आणि दोघे मातीत बसले.

बाईचा गुडघा खरचटला होता. तिने पदर झटकला आणि म्हणाली की पहिल्याच दिवशी मास्तरच नापास झाले, आता तिला कोण पास करणार. अप्पा मोठ्याने हसले. मौनीने गाडी उभी केली. अप्पांचे हसू संपल्यावर त्यांचा चेहरा कसा झाला, ते त्याने पाहिले, आणि पाहायला नको होते असे त्याला वाटले.

बाई गेल्यावर अप्पा त्याच्याजवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "घरी गेल्यावर तेवढा डाग काढून टाक. उद्या नवीन मंडळी येणार आहेत. आणि आईपाशी बोलू नकोस. ती उगाच राईचा पर्वत करेल."

मौनीने नेहमीप्रमाणे मान हलवली.

संध्याकाळी अंगणात गाडी स्टँडवर उभी होती. नळी कोमट होती. हीच वेळ, थोडा उशीर झाला की रबर दगड होते. मौनी लाकडी पट्टी घेऊन उकिडवा बसला. डागात टाचेच्या नक्षीच्या दोन रेघा स्पष्ट उमटल्या होत्या. त्याच्या मनात आले, आजवर असे किती ठसे आपण पुसले. एखाद्या घरात चोर रोज येऊन जावा आणि घरातल्यानेच रोज पहाटे उठून त्याची पावले झाडून काढावीत, तसे झाले हे. उद्या कुणीतरी मागे बसेल. अप्पा विचारतील, पाय कुठे आहेत, आणि स्वतःचा पाय कुठे आहे हे त्यांना माहीत नसेल.

नळी गार होत गेली. त्याने पट्टी खाली ठेवली.

अप्पा पायरीवर बसले होते. बूट अजून पायातच. मौनीने बादली नळाखाली धरली. थंडीचे दिवस होते. पाण्याने बोटे बधिर झाली. बादली अप्पांच्या पुढ्यात ठेवून तो खाली बसला आणि त्यांच्या उजव्या बुटाची नाडी सोडू लागला.

"काय करतोयस?"

मौनी नाडी सोडतच राहिला. अप्पांनी पाय मागे ओढला. त्याने तो पुन्हा पुढे घेतला. बाप-लेकात अशी ओढाताण कधी झाली नव्हती, आणि तीही न बोलता. शेवटी अप्पांनीच पाय सैल सोडला आणि फाटकाकडे बघत बसले.

मोजा टाचेला चिकटला होता. मौनीने तो रबर उचलावे तसा, कडेकडेने सोडवला. खाली टाच नव्हती म्हटले तरी चालेल. काळसर कडा असलेली एक ओली खोल जखम होती. एवढ्या जखमेवर माणूस दिवसभर उभा राहतो आणि घरी येऊन विनोद करतो. पाणी काही बरे करणार नव्हते; पण त्याला दुसरे काही सुचेना. त्याने डावा बूटही काढला आणि तो न दुखावलेला पाय तेवढा बादलीत ठेवला. का, ते त्याचे त्यालाच कळले नाही. कुठला तरी एक पाय शाबूत आहे, एवढे बघायचे असेल.

अप्पांना गप्प बसवेना. ते म्हणाले, "पाणी गरम केलंस, छान केलंस. शेक बरा वाटतोय."

मौनीचे हात त्याच पाण्यात होते. ते थंडीने लाल झाले होते. त्याने वर पाहिले.

"अप्पा," तो म्हणाला, "हे नळाचं पाणी आहे."

दारात आई टॉवेल घेऊन उभी होती. केव्हापासून, कुणास ठाऊक. तिने टॉवेल तसाच छातीशी धरला होता.

मग अप्पा सांगू लागले, तुटक तुटक, फाटकाकडेच बघत. आधी मुंग्या यायच्या. मग कापसावरून चालल्यासारखे वाटे. मग कापूसही गेला. चप्पल पायातून निसटून मागे राहायची आणि पुढे गेल्यावर कळायचे. ब्रेक ते गाडीच्या चालीवरून ओळखत. गाडी मंदावली म्हणजे पाय बरोबर पडला. एवढे दिवस अंदाजावर निभावले होते. डॉक्टरकडे गेले तर तो पहिल्यांदा गाडी सोडायला सांगणार, हे त्यांना पक्के माहीत होते. "गाडी गेली तर मी कोण रे? पायरीवर बसलेला म्हातारा." मग ते म्हणाले, "तू डाग काढायचास ना, नळी परत लख्ख व्हायची. ती बघितली की वाटायचं, काही झालेलंच नाही."

मौनीला हे वाक्य जन्मभर पुरले असते. त्याने टॉवेल मागून घेतला आणि अप्पांचे पाय टिपले. आई शेजारी येऊन बसली. ती रागावेल असे दोघांनाही वाटत होते. तिने फक्त तो मोजा उचलला, उलटा करून पाहिला आणि मुठीत घट्ट धरून ठेवला.

आज शाळा नाही, असा निरोप सकाळी नवीन मंडळींना आईनेच दिला. अप्पांच्या पायाला पट्टी आणि त्यावर सैल चप्पल होती. इस्पितळात काय सांगतील, टाच वाचेल की पाय कापावा लागेल, लागलाच तर कुठपर्यंत, याबद्दल घरात एक शब्द निघाला नव्हता. मौनी पुढे बसला. आयुष्यात पहिल्यांदा अप्पा त्याच्या मागे बसले, पहिल्या दिवशीच्या शिकाऊ माणसासारखे. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हाताला अजून सगळे कळत होते, कारण खांदा थरथरतोय हे ओळखून त्यांनी तो हलकेच दाबला.

खाली नळीवर डाग तसाच होता.

किक मारण्याआधी मौनी थांबला. विचारावे की नाही, हे त्याला ठरवता येईना. पण न विचारता गाडी हलवायची नाही, हे ज्यांनी शिकवले तेच मागे बसले होते.

"अप्पा, पाय कुठे आहेत?"

मग खांद्यावरचा भार एका बाजूला कलला, अप्पा वाकत होते.

"थांब," ते म्हणाले, "बघून सांगतो."