आर्डिसची खुर्ची

व्हर्नाला पहिल्यापासून संशय होता. क्षमा करायला शिकवणारा वर्ग, तोही फुकट, अमेरिकेतल्या डुलुथ शहरात चर्चच्या तळघरात, वर कॉफी आणि लिंबाच्या वड्या! काहीतरी गळ्यात मारल्याशिवाय ही माणसं सोडायची नाहीत. शिकवणारी कॉलीन म्हणे, राग सोडला की झोप लागते, रक्तदाब उतरतो. तीस वर्षं नर्स असलेल्या व्हर्नानं पर्समधून स्वतःचं रक्तदाबाचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. "गैरसमज नको हं," ती म्हणाली, "माझा कोणावरच विश्वास नसतो."

आली होती ती आर्डिसपायी. आई शेवटच्या आजारात आहे हे या धाकट्या बहिणीनं आई जाईपर्यंत तिला कळवलंच नव्हतं. अकरा वर्षं दोघींत शब्द नाही. आणि आता परवा, शुक्रवारी, आर्डिसच्या हृदयाचं ऑपरेशन. जावं की जाऊ नये?

कॉलीननं समोर रिकामी खुर्ची मांडली. "इथे बहीण बसलीय समजा. बोला."

व्हर्ना बोलली. चांगलं सणसणीत बोलली. वर्गात मागं बसलेल्या म्हाताऱ्या ऑर्व्हिलनं तर हातातली वडी खाली ठेवली.

"आता तुम्ही त्या खुर्चीत बसा. आर्डिस होऊन उत्तर द्या."

"असली नाटकं मला..." म्हणत ती बसली. आणि तोंडून निघून गेलं, "आईच म्हणाली होती, व्हर्नाला सांगू नकोस. ती आली की नळ्या घालेल, मला सुखानं मरू देणार नाही."

व्हर्नानं कॉलीनकडे रोखून पाहिलं. "हे माझ्या तोंडात कोणी घातलं?"

"मी तर नाही."

गाडीत बसल्या बसल्याच तिनं फोन लावला.

"आर्डिस, मला कळवू नकोस असं आई म्हणाली होती?"

"तुला कोणी सांगितलं?"

"म्हणजे खरंय."

"वचन घेतलं होतं तिनं. आणि कुठल्या तोंडानं सांगू, की आईला तुझीच धास्ती होती?"

व्हर्नानं वायपर लावून काचेवरचं बर्फ सारलं. "घातल्या असत्या मी नळ्या," ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"शुक्रवारी किती वाजता नेणार तुला?"

"सकाळी सहाला. का गं?" आर्डिसचा आवाज सावध झाला.

"येतेय मी. बाहेर बसेन. कशाला हात लावणार नाही."

"तू? आणि हात लावणार नाहीस?"

"नाही."

"बघू," आर्डिस म्हणाली. पण फोन तिनं ठेवला नाही.