साहेबांची सही

कंपनी बंद पडली तेव्हा आम्ही तिघांनी मिळून स्वतःची सुरू केली: साहेब, सोल्डरिंगवाली ताई आणि टेस्टिंगला मी. गॅरेजात दोन टेबलं होती, चार वर्षांत अकरा झाली. वाटा तिघांचा सारखा. पण साहेब आत आले की मी आणि ताई अजूनही उठून उभ्या राहतो. म्हणे भागीदार! बारा वर्षांची सवय, गुडघे आपोआप सरळ होतात.

जुन्या कंपनीचा एक नियमही आम्ही सोबत आणला होता. साहेबांनी सही केली की खोकं पुन्हा उघडायचं नाही.

गेल्या महिन्यात नवजात बाळांना ऊब देणाऱ्या पेट्यांसाठी आम्ही बावीस अलार्म बोर्ड केले आणि दवाखान्यांत जाऊन बसवून आलो. पेटी जास्त तापली की बोर्डाने बोंबलायचं, एवढंच त्याचं काम. बसवण्याआधी टेस्टिंगला मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक केली, तर एका बोर्डाचा दिवा क्षणभर विझला.

"साहेब, सोल्डरचा टाका कच्चा वाटतोय."

"अगं, तुझाच हात हलला असेल," म्हणत त्यांनी सही ठोकली. मी बोर्ड खोक्यात ठेवला. ताईने माझ्याकडे पाहिलं आणि खोक्याला चिकटपट्टी लावली.

आज सकाळी त्याच खेपेतला, नमुना म्हणून ठेवलेला बोर्ड मी काढला. तापवला, ठोकला. दिवा गेला तो आलाच नाही. अलार्मने हूं की चूं केलं नाही.

दवाखान्यांशी फोनवर फक्त साहेबांनी बोलायचं, हाही जुनाच नियम. मी भिंतीवरच्या यादीतला पहिला नंबर लावला.

"थांब, आधी मला बघू दे," साहेब धावत आले. मी त्यांच्याकडे पाठ फिरवली. फोन सोडला नाही.

पलीकडे नर्स होती. "पेटीत आता बाळ आहे का?" मी विचारलं.

"आहे की. आणि तुमचा बोर्ड छान आहे हो! आधीचा सारखा ठणाणा करायचा. हा बसवल्यापासून एकदाही वाजला नाही."

त्या कौतुकाने माझ्या अंगावर काटा आला. "बाळाला हात लावून बघा. आत्ताच्या आत्ता. मी थांबते."

पावलं लांब गेली. दार वाजलं. मग बराच वेळ काही नाही. ताईने माझा दंड घट्ट धरला होता. शेवटी लांबून बाळाचं रडणं ऐकू आलं.

"अहो, अंग केवढं तापलंय!" नर्स धापा टाकत होती. "काढलं बाहेर. डॉक्टर बघताहेत. रडतंय, दूधही ओढतंय. पण अजून थोडा वेळ गेला असता तर..."

पेटी बंद ठेवायला सांगून मी फोन ठेवला. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"त्या दिवशी माझा हात का नाही धरलास?"

"तुम्ही साहेब होतात."

ते ताईच्या स्टुलावर मटकन बसले.

"पुढचा नंबर सांगा," मी म्हणाले. त्यांनी उठून यादीवर बोट ठेवलं आणि एकेक आकडा मुकाट्याने वाचला.

दुसऱ्या दवाखान्यात फोन नुसता वाजत राहिला.