विसावी सही

मला एका जागी बसवत नाय, हे आमच्या गल्लीत समद्यांना ठाऊक हाय. त्या आठवड्यात तर लईच. सकाळी शेडचं शटर वर केलं की मी रस्त्यावर. गयासभाईच्या दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं अन् परत यायचं. माझ्याकडं कामाला असलेली चतुराबाई म्हणाली, "कडूबाई, पायाला भिंगरी लागली का काय तुझ्या? बस की जरा." म्हटलं, "तू बस. तुझं घोडं पेंड खात नाय, माझं खातंय."

आमची गल्ली वाळूजच्या एमआयडीसीत, बजाजनगरच्या पाठीमागं. माझी धरून वीस शेड. कुणी लोखंड कापतं, कुणी लेथवर फिरवतं, कुणी भोकं पाडतं, अन् शेवटी माल येतो माझ्याकडं. भोक पाडलं की कडेला लोखंडाची बारीक कुसळं राहतात. त्याला बर म्हणतात. ती कानशीनं नायतर सुईनं काढायची, मग करंगळी फिरवून बघायचं. मी धरून आम्ही आठ जणी. बारा वर्षं झाली हेच करतोय.

माझ्या शेजारी वहिदा बसते. कानस घासून तिनं पोराला इंजिनियर केलं. तो हारिस आता गयासभाईच्या शेडमधी, जिथून गल्लीचा माल ब्रेकच्या कंपनीला जातो तिथं, कामाला हाय, अन् त्याच्या डोक्यात क्लस्टरचं खूळ शिरलं. वीस शेडनी मिळून एक कंपनी काढायची, सरकारची मदत घ्यायची, अन् समद्यांसाठी एकच सेंटर उभं करायचं. तिथं तपासणीची मशीनं येणार. बर काढायचं मशीनही येणार. त्याला वीस सह्या लागत होत्या. एकोणीस झाल्या होत्या. शुक्रवारी फॉर्म जाणार होता.

विसावी सही माझी. माझ्याच पोटावर पाय द्यायला माझीच सही मागत होते!

"मावशी, मशीनवर दोघी जणी लागतीलच," हारिस मला समजावत होता. "कोणत्या दोघी, ते तुम्ही ठरवा."

"अन् बाकीच्या सहा जणींनी काय करायचं? वेरूळला देवळापुढं बेलफूल विकायचं?"

गयासभाई मधी पडले. बारा वर्षांपूर्वी मला पहिला ट्रे त्यांनीच दिला होता, म्हणून त्यांचं ऐकून घेते. "गुस्सा मत करो, कडूबाई. पुण्याकडं ही मशीनं कधीच आली. आपण मागं राहिलो तर काम तिकडं जाईल. मग तुमच्या आठ नाय अन् माझे बारा कामगारही नाय." खरं बोलत होते. खरं बोलत होते म्हणूनच माझं डोकं जास्त फिरलं. परत येऊन मी वहिदावर खेकसले, "आवर तुझ्या पोराला!" ती कानस चालवत म्हणाली, "पोरगा माझा हाय, डोकं त्याचं हाय."

बुधवारी हारिस दोनशे पीस घेऊन चिकलठाण्याला गेला. मशीनवाल्यांनी ते करून दिले, फुकट, बघायला म्हणून. संध्याकाळी दोन ट्रे आणले अन् माझ्या दाराच्या डाव्या हाताला ठेवले. नमुन्याचा एक पीस तेवढा माझ्या टेबलावर ठेवून गेला. आता आमच्या गल्लीत चिठ्ठी नाय की पावती नाय. दाराच्या उजव्या हाताला ठेवला तो करायचा माल, डाव्या हाताला तो झालेला. डावीकडचा ट्रे जो येईल तो उचलतो, कुणाला विचारत नाय. हारिसला वाटलं, मशीननं काम केलंय, म्हणजे झालेलाच की.

गुरुवारी दुपारी मी तो पीस हातात घेतला. रागानंच घेतला. वरून कसा गुळगुळीत, बाळाच्या गालासारखा. ब्रेकचा पार्ट तो. त्याच्या पोटात एक आडवं भोक असतं, तेल जायला. सुई घातली. अडकली. मशीननं वरचं कुसळ घासलं होतं अन् आतलं आत दुमडून ठेवलं होतं. वरून कीर्तन, आतून तमाशा!

असा आनंद झाला मला, काय सांगू. आता दोन्ही ट्रे गयासभाईच्या टेबलावर आदळते म्हणून उठले, तर दाराच्या डाव्या हाताला काहीच नाय. सकाळीच उचलून नेलेले. गयासभाईकडं बाकीच्या मालाबरोबर तेलात बुडवले, कंपनीच्या पेट्यांत ओतले अन् छोटा हत्ती टेम्पो भरून निघालाही होता. दोन हजारांत दोनशे मिसळलेले. तेल लागल्यावर समदे सारखेच दिसतात.

खोटं कशाला बोलू, घडीभर मला गार वाटलं. जाऊ दे, म्हटलं. कंपनी माल परत पाठवील, मशीनचं तोंड काळं होईल अन् माझ्या आठ जणी जिथल्या तिथं राहतील. मला फक्त गप्प बसायचं होतं. पण गप्प बसणं माझ्या बापाला जमलं नाय, मला काय जमणार! मागच्या महिन्यात कंपनीनं आमचा एक लॉट परत पाठवला होता, अन् अजून एक आला तर गल्लीचं काम बंद, असं तोंडावर सांगितलं होतं. अन् ब्रेकचा पार्ट म्हणजे ब्रेकचा पार्ट. ते कुसळ सुटून तेलात आलं तर कुणाचं तरी लेकरू जायचं. मी चप्पल न घालता गयासभाईकडं पळाले.

ड्रायव्हर फोन उचलत नव्हता. हारिसनं मोटरसायकल काढली. मी साडीचा काष्टा मारला अन् दोन्हीकडं पाय टाकून मागं बसले. "हळू चालव" म्हणायच्या ऐवजी त्याच्या पाठीत गुद्दे घालत होते, "हाण, हाण अजून!" गाडी कंपनीच्या गेटाच्या अलीकडं, चहाच्या टपरीपाशी घावली. गेट तीनला बंद होणार होतं. दोन वाजत आले होते. परत नेऊन आणायला वेळ नव्हता. फोन केला तसं गयासभाई आमच्या बायका रिक्षांत कोंबून तिथंच घेऊन आले. लिंबाच्या झाडाखाली ताडपत्री टाकली, पेट्या ओतल्या, अन् आठ जणी बसलो.

पीस उचलायचा, सुई घालायची, करंगळी फिरवायची, चांगला असला तर डावीकडं, नायतर उजवीकडं. कोपरापर्यंत तेल. येणारेजाणारे थांबून बघत होते. तीनला दहा मिनिटं असताना उजवीकडचा ढीग मोजला. एकशे नव्व्याण्णव. दोनशेवा माझ्या कनवटीला होता. छोटा हत्ती गेटात शिरला तेव्हा गयासभाई तिथंच खाली बसले अन् टोपीनं डोळे पुसायला लागले.

मी तर फुगून गेले होते. हारिस ड्रॉइंग घेऊन माझ्यापुढं उकिडवा बसला. "मावशी, नेमकं कुठं अडकतं? दाखवा ना."

दाखवलं की! कोणत्या बाजूनं सुई घालायची, कुठं वळवायची, कुसळ कुठल्या कडेला झोपतं, समदं ऐटीत सांगितलं. बारा वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं मला. त्यानं लाल पेनानं खुणा केल्या, अन् म्हणाला, "मग हे मशीन नको. आतल्या भोकात ब्रश फिरवणारं येतं, ते घेऊ. महाग हाय, पण तुम्ही सांगितलं ते समदं काढील."

माझी करंगळी मीच त्याच्या कागदावर काढून दिली होती.

फॉर्म त्याच्या पिशवीतच होता. मी सही केली. गल्ली बुडाली तर आठच्या आठ जणी बुडणार, हे मोटरसायकलवर बसले तेव्हाच मला कळलं होतं. खाली मशीनवरच्या कामगारांच्या नावांचा रकाना होता, दोन ओळींचा. पेन मी हारिसच्या हातात कोंबलं. "नावं मी लिहिणार नाय. तू लिही. समोर बसल्यात समद्या, बघ एकेकीकडं अन् लिही."

त्यानं मान खाली घातली. पहिल्या ओळीत एक नाव लिहिलं. मी वाकून वाचलं. वहिदा. कुठला पोरगा आईला सोडून दुसरीचं लिहील? चतुराबाई उगीच कोरडा फडका पिळत बसली.

"क्या लिख्या रे?" वहिदानं विचारलं. तिला मराठी वाचता येत नाय.

"तुमचं नाव, अम्मी."

"काट." त्यानं वर बघितलं. "काट मेरा नाम, हारिस. तुझ्या परीक्षा असायच्या तेव्हा मी रजा घेऊन तुझ्यासंग यायची. माझे ट्रे कोण उरकायचं? इनोंच, ह्या समद्या, उरकायच्या ना? आता ह्यांच्या आधी तू मला बसवणार?"

पोराचा हात चालेना. तेव्हा तिनंच तेलकट बोटानं पेन धरलं अन् त्याच्या हातासकट ओढून रेघ मारली.

मी म्हटलं, "मलाबी धरू नको." सही करणारी मी, पण मशीनवर मी नाय.

राहिल्या सहा जणी अन् जागा दोन. चतुराबाई सुया पुसून डब्यात भरत होती. म्हणाली, "चला, शेडमधी उजव्या हाताला अकरा ट्रे पडलेत अजून."