सहावा झिरो

बायकोचं, कुंदाचं, तेरावं करून कामावर आलो, तेव्हा मिलिंग मशीनचं टेबल लांबून आमच्या स्वयंपाकघरापर्यंत गेलं होतं.

टेबलावर पाच व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यांत, पाच जॉब, म्हणजे कापायचे तुकडे, बांधलेले असतात. प्रत्येकाचा झिरो, म्हणजे मोजायला सुरुवात करायची जागा, वेगळा. तो मशीनला एकेका नंबराखाली सांगून ठेवायचा. असे सहा नंबर आहेत. सहावा मी कधीच वापरला नव्हता. आता त्यात एक्स आणि वायचे आकडे होते. एक्स, म्हणजे लांबी, पंचेचाळीस लाख मिलिमीटर. कारखान्यापासून घर तेवढंच लांब आहे. वायने ओट्याची डावी कड दाखवली, जिथे कुंदा पोळपाट ठेवायची. झेड, म्हणजे उंची, कोरी होती.

पाचवा जॉब झाला की टूल, म्हणजे कापणारं हत्यार, तिकडे निघायचं. जाऊन यायला सहा तास.

"सायकल टाइम वाढलाय, मामा," चौगुले साहेब म्हणाले.

"टेबल लांबलंय."

"दिसतंय की. उद्या सहावा जॉब येतोय. तो नंबर पुसा आणि त्याला द्या."

शेजारच्या मशीनवरचा दस्तगीर म्हणाला, "आता घरात बसूनच मशीन चालवा." मग जवळ आला. "पुसला की परत गावायचा नाही. आजच उंची घ्या. तिन्ही आकडे भरलेला नंबर आपल्यात कोण पुसत नाही. हँडल मी फिरवतो."

उंची कागदाने घेतात. टूलखाली कागद धरून मागेपुढे हलवत राहायचं. दुसऱ्याने हँडलच्या एकेका क्लिकने टूल खाली सोडायचं. कागद अडकला की झिरो मिळाला.

मी टेबलाच्या कडेने चालत निघालो. नाक्यावर भाजीवाल्याने टोपली उचलून टेबलाला वाट करून दिली होती. टूलच्या आधी मी घरी पोहोचलो. ओटा रिकामा होता. खिशात कुंदाच्या हातची किराणाची यादी होती. टूल आल्यावर ती मी त्याच्याखाली धरली, हलवू लागलो आणि दस्तगीरला फोन लावला.

"सोड."

टूल खाली येत ओट्यापासून वीतभर उंचीवर आलं.

"अडकला का?"

मी हातांकडे पाहिलं. एकात फोन होता. दुसरा यादीवरून कधीतरी सुटून ओट्यावर टेकला होता. यादी मात्र टूलखाली मागेपुढे हलतच होती.

"अजून नाही," मी म्हणालो. "एक क्लिक अजून सोड."