सरकारी मदतीतले धुणे

मित्रांनो, मी एक जुनी वॉशिंग मशीन आहे. घरातली नव्हे बरे, एका छोट्या दवाखान्यातली! कारखान्यात माझे पोलादी पिंप पहिल्यांदा गरगरले, तेव्हाच तपासनीस म्हणाला होता, "ही नाव काढणार!"

माझ्या आधी इथले सारे धुणे दोघी जावा हाताने धूत. एका वर्षी तापाची साथ आली. चादरींचे ढीग लागले, सोड्याने दोघींचे हात सोलवटले. चादरी वेळेवर वाळेनात, म्हणून रुग्ण उघड्या गादीवर निजू लागले. तेवढ्यात दवाखान्यांसाठी सरकारचा मदतनिधी आला आणि डॉक्टरबाईंनी त्यातून मला आणले.

पहिल्या दिवशी धाकटी जाऊ माझ्या काचेपुढे बसूनच राहिली. "अहो जाऊबाई, बघा की, चादर कोलांट्या मारतेय!"

निधी कशावर खर्च झाला, हे पुढे सरकारला कळवायचे होते. कंपाउंडर म्हणाला, "बाई, नुसतं 'उपचाराचं साहित्य' लिहा. धुण्याचं मशीन म्हटलं की शंभर प्रश्न येतील."

"येऊ देत. आपण काय चोरी केलीय?" असे म्हणून बाईंनी खरे तेच लिहिले.

प्रश्न आलेच. यंत्र रुग्णांसाठी वापरले जात नसेल, तर पैसे परत करा, असे कळवून एक तपासणी अधिकारी येऊन उभे राहिले. पैसे परत करायचे म्हणजे मला विकायचे! धाकटी मला टेकून उभी राहिली, जणू कुणी मला उचलूनच नेणार होते.

"डॉक्टरांच्या घरचे कपडे यात किती येतात?" साहेबांनी विचारले.

"एकही नाही. ते माझा नवरा धुतो. हवं तर फोन लावून विचारा."

साहेब हसले नाहीत. इतक्यात प्रसूतीच्या खोलीतून सिस्टर ओरडल्या, "दुपटी आणा! जुळं आहे!"

एकच पळापळ झाली. मी नुकतीच धुऊन वाळवलेली ऊबदार दुपटी घेऊन दोघी जावा धावल्या. हात कमी पडले, तेव्हा थोरलीने एक गाठोडे थेट साहेबांच्या हातात दिले. "धरा जरा. मान सांभाळा हं!"

साहेब श्वास रोखून उभे राहिले. बाळाने एक जांभई दिली आणि साहेबांचा शर्ट भिजवून टाकला.

शर्ट माझ्याकडे आला. तो वाळेपर्यंत साहेब रुग्णांचा ढगळ झगा घालून खाटा, चादरी तपासत फिरले. सगळा वॉर्ड तोंडाला पदर लावून हसत होता.

"साहेब, हा कपडा मात्र रुग्णाचा नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

आता मात्र साहेब खदखदून हसले. "मग तसंच लिहा. खोटं कशाला?" म्हणून अहवालात शेवटी आले: इतर वापर, एक शर्ट. अहवाल मंजूर झाला. धाकटीने आनंदाने मलाच मिठी मारली.

आता माझा पट्टा सैल झाला आहे. पिळताना मी जागच्या जागी उड्या मारते. मधे नळ तुटला, तेव्हा कित्येक दिवस माझ्यावर खोकी रचली होती. फार वाईट वाटले. पण धाकटीने आरडाओरडा करून नळ बसवून घेतला.

मित्रांनो, सगळ्यांच्या पैशातून आलेली वस्तू कुणाचीच नसते, असे समजू नका. ती तुमची आहे. तिला पुसा, दुरुस्त करा, आणि ती कशी वापरली हे कुणी विचारले तर ताठ मानेने सांगा. आणि हो, माझे दार जरा हळू लावा. आत आज जन्मलेल्या बाळांची दुपटी आहेत.