शिंपल्याचं वय

व्याह्यांनी तो दगड थेट भाजीच्या भांड्याशेजारी ठेवला.

"हा बघा. डोंगरमाथ्यावर सापडला. आत अख्खा शिंपला आहे. पाणी तिथवर चढलं नसेल, तर हा काय चालत गेला?"

मुलगा हसला. सून ताटात बघत राहिली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिचे वडील, म्हणजे हे व्याही, महिनाभर इथं राहायला आले होते, आणि त्यांच्याबरोबर जलप्रलयही आला होता. सगळी पृथ्वी एकदा बुडाली होती, यावर त्यांचा अक्षरशः विश्वास; तसंच मानणाऱ्यांच्या मंडळात ते त्यावर भाषणंही द्यायचे. औषधांच्या दुकानात जन्म गेलेला माणूस. बोलणंही पुडी बांधल्यासारखं नेटकं.

सुनेचे सासरे, म्हणजे अण्णा, निवृत्त मुद्रितशोधक. शास्त्राची पुस्तकं छापण्याआधी त्यांतल्या चुका काढायच्या, हे त्यांचं काम. चारचौघांत बोलायचं म्हटलं की ते अडखळायचे.

"समुद्राचा तळच वर उचलला गेला," ते पुटपुटले. "कोट्यवधी वर्षांपूर्वी."

"कोट्यवधी! मोजायला कोण बसलं होतं? दगडाला जन्माचा दाखला असतो का?"

"बोला की अण्णा," मुलगा म्हणाला. "आता तुमची पाळी. की पडली विकेट?"

अण्णांना उत्तर ठाऊक होतं. पण ते लांबलचक होतं, अर्ध्यावर त त प प झालं असतं. छोटं आणि दणदणीत काहीतरी हवं होतं.

"कार्बनवरून काढतात," ते म्हणाले. "प्रयोगशाळेत. सरळ आकडाच येतो. आकड्यापुढे काय बोलणार?"

व्याह्यांनी मान वर केली. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी दगड उचलून खिशात टाकला.

"बाबा, अण्णांनी यावरची पुस्तकं तपासलीत," सून म्हणाली. "रविवारी तुमच्या मंडळात हे भाषण करू नका. लोक हसतील. माझ्यासाठी एवढं ऐका."

"बरं."

मुलाने अण्णांच्या पाठीवर थाप मारली. पण अण्णांना ठाऊक होतं, कार्बन पन्नास हजार वर्षांच्या मागे जात नाही. त्याहून जुन्या वस्तूत मोजण्याजोगा किरणोत्सारी कार्बन उरतच नाही. हीच चूक त्यांनी दुसऱ्यांच्या लेखनात कितीदा खोडली होती, आणि समासात 'लेखकाने पुन्हा अभ्यास करावा' असं खोचकपणे लिहिलं होतं.

 दगड कोट्यवधी वर्षांचा आहे हे तर खरंच ना, मग पद्धत कुठली का असेना, असं अण्णा दोन दिवस स्वतःला समजावत राहिले. तिसऱ्या दिवशी व्याही फोनवर कुणाला तरी सांगताना ऐकू आले, "नाही हो, गुडघा दुखतोय. रविवारच्या भाषणाला दुसऱ्या कुणाला बोलवा." फोन ठेवल्यावर अण्णा दारात जाऊन उभे राहिले.

"ते कार्बनचं... मी चुकीचं बोललो."

"ठाऊक आहे."

"आँ?"

"आमच्या मंडळाच्या पत्रकांत पहिल्याच पानावर असतं ते. कार्बन इतका मागे जात नाही. तोंडपाठ आहे मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचं घर, तुमचं ताट, समोर तुमचा मुलगा. माझी लेक इथं नांदते. तिच्या सासऱ्याला तोंडघशी पाडून मला काय मिळणार होतं?" व्याही हसले. "जाऊ द्या. झाकली मूठ सव्वा लाखाची."

अण्णांना एकदम हायसं वाटलं. आणि तसं वाटलं म्हणून कान गरम झाले. ते तसेच सुनेकडे गेले. ती इस्त्री करत होती. त्यांनी सांगून टाकलं.

"म्हणजे बाबा बरोबर होते?"

"बरोबर नव्हते. पण माझं उत्तर खोटं आहे, हे त्यांना कळलं होतं. वय कोट्यवधीच. शिंपल्याच्या थराच्या वर आणि खाली ज्वालामुखीची राख असते, तिच्यातल्या स्फटिकांवरून काढतात. युरेनियमचं हळूहळू शिसं—"

"थांबा." तिने इस्त्री उभी केली. "परवा ते खरं होतं, आज हे खरं. मी कशावरून ठरवू?"

"पुस्तक दाखवतो."

"पुस्तक नको. तुमच्या शब्दावर मी माझ्या बापाला सगळ्यांदेखत गप्प केलं, अण्णा."

"मग सगळ्यांदेखतच सांगतो."

रात्री जेवताना त्यांनी घसा खाकरला.

"राहू द्या हो," व्याही म्हणाले.

"बोलू द्या त्यांना, बाबा," सून म्हणाली.

अण्णांनी सांगितलं. कार्बनचं उत्तर चुकीचं होतं. चुकीचं आहे हे माहीत असूनही दिलं. व्याह्यांना ते कळलं होतं, तरी त्यांनी सांभाळून घेतलं. मुलगा हसला नाही. त्याने नुसती ताटातली पोळी दुमडली.

"बरं, आता त्या राखेचं सांगा," व्याही म्हणाले. "मला पटणार नाहीच. पण ऐकतो."

अण्णा ताटाकडे बघत सांगू लागले. एकच वाक्य दोनदा झालं. कुणी टोकलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, पण कुणी टोकलं नाही. युरेनियमपर्यंत पोचले, तेव्हा "परवाही मला असंच पटलं होतं" म्हणत सून उठून आत गेली. त्यांचं सांगून संपलं, तरी ती बाहेर आली नव्हती.