जीपचा विमा कावून महागला

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. माझा मूळ रंग पांढरा होता. आता माझ्यावर बीडजवळच्या चौसाळ्याची धूळ इतकी मुरली आहे, की धुतलं तरी मी मातकटच दिसते. शोरूममधून आणल्यावर मालकांनी मला आधी लिंबागणेशच्या गणपतीला नेलं, चाकापुढे नारळ फोडला आणि बोनेटवर हात फिरवून म्हणाले, "लेकीवानी सांभाळीन तुला."

माझे मालक गहिनीनाथ हे शेळ्यामेंढ्यांचे व्यापारी. बाजाराच्या दिवशी मागे शेळ्या कोंबायच्या आणि निघायचं. शेळ्यांनी माझी गादी कुरतडली, पण गहिनीनाथांचा हात स्टेअरिंगवर असताना मला कधी ओरखडा आला नाही. दरसाल विम्याचा एजंट नाथा यायचा. बशीत चहा ओतता ओतता म्हणायचा, "आण्णा, औंदा बी क्लेम न्हाई. तुमाला सूट वाढली." गहिनीनाथ ही गोष्ट हॉटेलात चारचौघांना सांगायचे, जणू पोरगा पहिला आला.

मग एक वाईट वर्ष आलं. आधी घरच्याच फाटकाचा खांब मला घासला. पुढं चौसाळ्याला वळताना कडेनं आलेल्या मोटारसायकलवाल्याला माझा धक्का बसला. त्याचा पाय मोडला. त्याच्या औषधपाण्याचा भार विम्यानं उचलला. आणि दिवाळीनंतर रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीला घासून माझा आरसा उपटला.

विमा कंपनीनं माणूस पाठवला. त्यानं माझ्याभोवती चक्कर मारली, पोच्यावर नख घासलं, गंज हुंगला.

"हा पोचा नवाच आहे कशावरून? गाडी तुम्हीच चालवत होता ना?"

गहिनीनाथांचा चेहरा लालबुंद झाला. मला मात्र त्याचा राग आला नाही. मला तोंड असतं, तर मीही तेच विचारलं असतं. हाच का तो माणूस, ज्यानं मला इतकी वर्षं जपलं?

विमा संपत आला तेव्हा नाथा आला, पण चहाला हात लावेना.

"आण्णा, सूट गेली. वरून दर लई वाढलाय. एका कंपनीनं तर सरळ न्हाई म्हनलं."

"कावून?"

"तुमची जास्त धोक्याचे चालक म्हून नोंद झालीय."

"धोक्याचा? मी? उभी हयात गाडी हाकली! मधल्यामधी तूच खातूस का बे?"

नाथानं चहा तसाच ठेवला. चपला घातल्या आणि गेला.

त्या दिवसापासून घरात संशय मुक्कामाला आला. गहिनीनाथ बाजारातून परतले, की त्यांची बायको विमलबाई दारातच तोंडाचा वास घ्यायची. मुलगा भागवत गुपचूप माझी सीट किती मागे-पुढे सरकली ते बघायचा. वडील दुसऱ्या कुणाला चावी देतात, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. सून दिपाली हे सगळं नुसतं बघत राहायची. आणि गहिनीनाथांचा संशय होता माझ्यावर. मिस्त्रीला बोलावून त्यांनी माझं स्टेअरिंग उघडायला लावलं. "काहीच बिघाड न्हाई," मिस्त्री म्हणाला. तेव्हा त्यांनी माझ्या बोनेटवर थाप मारली.

"मग गाडीच मनहूस हाय!"

मित्रांनो, ट्रॉलीपेक्षा तो शब्द मला जास्त लागला.

"न्हाई भरत जा विमा," असं त्यांनी जाहीर केलं. मुदत संपली. तशीच मी, बिनविम्याची, नारायणगडाच्या वाटेला लागले. दर्शनाला जायचं होतं. मागे विमलबाई नातीला, सुकन्याला, मांडीवर घेऊन बसली होती. पुढं गहिनीनाथांशेजारी दिपाली होती.

पुढं रस्त्याच्या कडेनं छबुबाई नावाची धनगरीण मेंढरं घेऊन चालली होती. मला वाटलं, आता वेग कमी होईल. होईना. उलट मी कडेकडेला सरकत होते.

"मामा! मेंढरं!"

दिपालीनं हात घालून स्टेअरिंग ओढलं. मी रस्त्याच्या मधोमध आडवी झाले आणि बंद पडले. मेंढरं बिथरून पांगली. छबुबाई काठी उगारून धावत आली.

"आंधळा हाईस का रे? एवढा कळप दिसंना तुला?"

गहिनीनाथ खाली उतरले. "कुठून आडवी आली ही?"

"आडवी न्हाई आली, मामा. लांबून दिसत होती," दिपाली म्हणाली. तिनं माझ्या दिव्यापासून मागच्या चाकापर्यंत हात फिरवला, मग वळसा घालून दुसरी बाजू बघितली. "मामा, सगळे पोचे डाव्या अंगाला हायेत. उजवीकडं एक बी न्हाई. समोर बघा. मान वळवू नका. माझा हात दिसला की सांगा."

त्यांच्या डाव्या कानापासून तिनं आपला हात हळूहळू पुढं आणला. हिरव्या बांगड्या उन्हात चमकत होत्या. हात पार नाकासमोर आला तेव्हा गहिनीनाथ म्हणाले, "दिसला."

मग एकदम चिडले. "तू बी? माझी चावी काढून घ्यायला बघतीस?"

त्यांचा सुनेवर विश्वास बसेना. त्यांनी छबुबाईला हाक मारली. "बाई, तुझा माझा काही संबंध न्हाई. तू बघ."

छबुबाईनं काठी धरली. उजवीकडून काठी लगेच दिसली. डावीकडून ती पुन्हा नाकासमोर आली तेव्हाच दिसली. छबुबाईचा आवाज उतरला. "दादा, डोळे दाखव."

गहिनीनाथ माझ्या चाकाला टेकून खाली बसले. "कळपातलं लंगडं कोकरू मी लांबून वळखायचो," ते म्हणाले, "अन् आज कळपच दिसला न्हाई." मागच्या सीटवर विमलबाईनं पदर तोंडात कोंबला.

बीडच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषधानं टिकवता येईल. गाडी चालवणं मात्र बंद.

गहिनीनाथांनी स्वतः नाथाच्या घरी जाऊन सांगितलं, "तुझ्यावर उगंच आळ घेतला." नाथाला आधी ती थट्टाच वाटली. मग म्हणाला, "विमा करून देतो. पन दर लगीच उतरायचा न्हाई, आण्णा. कंपनी आता कैक दिवस वाकडंच बघनार."

"बघू दे," गहिनीनाथ म्हणाले. "त्या पोराचा मोडलेला पाय मी इसरलो न्हाई." आणि चढ्या दरानं विमा भरला. पुढं दिपालीनं लायसन काढलं.

मित्रांनो, विमा महागला की कंपनीला शिव्या देऊन मोकळं होऊ नका, आणि आमच्यासारख्या मुक्या गाड्यांना मनहूस म्हणू नका. आपल्या माणसाच्या तोंडाचा वास घेण्याआधी त्याच्या डोळ्यांकडे एकदा नीट बघा.

आता माझं स्टेअरिंग दिपालीच्या हातात असतं. गहिनीनाथ शेजारी बसतात. निघण्याआधी ती विचारते, "मामा, डावीकडं मोकळं हाय का?" ते अख्खी मान वळवतात, निरखून बघतात आणि म्हणतात, "हाय."

मग ती स्वतःही एकदा बघते, आणि ते तिच्यावर रागावत नाहीत.